अंदाजाचा रकाना

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगवहीचा हा क्रम मुलांना पाठ असतो, पण भरताना ती खालून वर जातात. अनुमान पुस्तकात छापलेलंच असतं. त्याला जुळेल असं निरीक्षण लिहिलं की सही मिळते. वर्गातून वैज्ञानिक पद्धत निसटते ती नेमकी इथे.

म्हणून मी मुद्दाम सगळ्यांच्या ओळखीचा प्रयोग घेते. ताटलीत पाणी, मधोमध बुटकी मेणबत्ती, वरून उपडी काचेची बरणी. ज्योत विझते, पाणी आत चढतं. "बाई, ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली!" हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, आणि पाणीही साधारण तेवढंच चढल्यासारखं दिसतं. उत्तर इतकं चपखल बसतं की शंकेला जागाच उरत नाही. ते चूक आहे असं मी सांगत नाही. एवढंच विचारते: तुमचं म्हणणं खरं असेल, तर तीन मेणबत्त्या लावल्यावर पाणी किती चढेल? बरणी तीच, ऑक्सिजन तेवढाच. म्हणजे पाणीही तेवढंच. हा अंदाज आधी पेनानं लिहायचा, मागाहून खोडायचा नाही.

पाणी बरंच जास्त चढतं.

मग जो गोंगाट होतो, तो मी थांबवत नाही. कोणी म्हणतं, मेणबत्त्यांनीच जागा व्यापली. ठीक आहे, न पेटवता तीन ठेवून पाहा! पाणी चढत नाही. कोणाच्या लक्षात येतं, की ज्योत विझल्यावरच पाणी भराभर वर येतं. कोणाला बरणी ठेवताना कडेनं सुटलेले बुडबुडे दिसलेले असतात. तापलेली हवा पसरून थोडी बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकसली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं: इथवर मुलं बोलत बोलत पोहोचतात. मग मी माझ्याकडची एक भर घालते. ऑक्सिजन पूर्ण संपतच नाही. सुमारे १६ टक्के शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते.

यात दोन तास सहज जातात, पोर्शन मागे पडतो. मला तो वेळ वाया गेलेला वाटत नाही, कारण मुलं पाठांतराऐवजी विचार करायला शिकतात. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं परीक्षेलाही पुस्तक-वही उघडून बसत. पाठांतर तपासायचंच नसेल, तर पुस्तक मिटवायचं कशाला?

विज्ञान शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. प्रयोगवहीत निरीक्षणाच्या आधी 'अंदाज' असा एक रकाना आखून घ्या, आणि तो चुकला म्हणून मुलांचे गुण कापू नका.