हमजाद

आमच्या लहानपणी सोलापुरात कॉमिक्स भाड्याने मिळत. दुकानात दोरीवर टांगलेली असायची. आम्ही दोघे भाऊ पैसे जमवून एक आणत असू आणि मगरिबच्या अजानच्या आत वाचून संपवत असू. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. त्यातला वेताळ सगळ्यांचा लाडका, आमचा मात्र जादूगार मॅन्ड्रेक.

त्याच्या एका गोष्टीत आरशापलीकडचे जग होते. तिथला जादूगार म्हणजे मॅन्ड्रेकच, पण दुष्ट. नावसुद्धा इंग्रजी अक्षरे उलट लावून केलेले, एकार्डनाम. आपला मॅन्ड्रेक हाताच्या इशाऱ्याने भूल घालायचा, तो घालायचा चक्क बुऱ्या नजरेने. आम्ही घाबरत घाबरत हे दादीला सांगितले. तिने सुपारी कातरणेही थांबवले नाही.

"इसमें नया क्या है रे? हर बच्चे के साथ उसका हमजाद पैदा होता. सूरत उसकीच, चलन उल्टा."

त्या रात्री आम्ही आरशावर टॉवेल टाकून झोपलो.

पुढे कळले की अमेरिकन कॉमिक्सवाल्यांनी हमजादांची अख्खी पृथ्वीच उभी केली होती. 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'च्या २९व्या अंकात, ऑगस्ट १९६४ मध्ये, गार्डनर फॉक्स या लेखकाने आणि माइक सेकोव्स्की या चित्रकाराने 'अर्थ-थ्री' आणली. तिथे इतिहासच उलटा. कोलंबस अमेरिकेतून निघून युरोप शोधतो. नट अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष बूथवर गोळी झाडतो. सुपरमॅनच्या जागी अल्ट्रामॅन, बॅटमॅनच्या जागी आउलमॅन, आणि सगळे गुन्हेगार. क्रिप्टोनाइटने सुपरमॅन गळून पडतो, अल्ट्रामॅनला त्यातून नवी शक्ती मिळते.

खरे सांगायचे तर ही मंडळी आम्हाला फारशी रुचली नाहीत. चांगल्याचे वाईट करणे सोपे असते. दूरचित्रवाणीवरच्या 'स्टार ट्रेक'ने तर १९६७ मध्ये उलट्या जगातला स्पॉक दाखवताना त्याला दाढी लावून दिली. तेव्हापासून दुष्ट जुळ्याला दाढी लावायची रीतच पडली. आमचे अब्बा दाढीवाले. त्यांच्या हमजादाला काय, गुळगुळीत दाढी करायला लावायची?

मन रमले ते एकाच माणसात. जिथे सगळे नायक दुष्ट, तिथे सुपरमॅनचा हाडवैरी लेक्स लूथर भला असणार, हे ओघानेच आले. १९८२ च्या एका वार्षिक अंकात हा अलेक्झांडर लूथर आला. तो शास्त्रज्ञ. तिथल्या लोइस लेनच्या आग्रहाने तो चिलखत चढवतो आणि त्या पृथ्वीवरचा पहिला नायक होतो. वाचक मात्र लूथर म्हटले की सावध होतो. दुसऱ्याच कुणी केलेल्या गुन्ह्यांचा हिशेब त्याच्या नावावर आधीच मांडलेला.

गेल्या वर्षी आमचा भाचा पुण्यात खोली शोधत होता. शुद्ध मराठी बोलतो, फोनवर सगळे जमायचे. मालक विचारायचे, "नाव काय म्हणालात?" मग खोली कालच गेलेली असायची. एका ठिकाणी मालकिणीने चहा दिला, गावाकडची चौकशी केली आणि कौतुकाने म्हणाली, "तुम्ही अगदी तसे वाटत नाही हो."

रात्री त्याने फोन केला. "मामू, 'तसे' म्हणजे कैसे?"

आम्हाला उत्तर ठाऊक होते, सांगवले नाही. दादीचा हमजाद आमच्याबरोबर जन्मलेला, त्याला आवरायचे काम आमचे. पण त्या बाईच्या मनात आमचा आणखी एक हमजाद होता, जो आम्ही कधी पाहिलाही नव्हता. चहा देता देता ती त्यालाच आमच्या पोरात शोधत होती. सापडला नाही, म्हणून कौतुक. खोली तरीही दिली नाही.

१९८५ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'मध्ये अर्थ-थ्री नष्ट होते. शेवटच्या क्षणी लूथर आपल्या तान्ह्या मुलाला यानात ठेवून दुसऱ्या विश्वात पाठवतो. मुलाचे नावही अलेक्झांडर लूथरच. तो मोठा होतो, विश्व वाचवायला मदत करतो. पण २००५-०६ मध्ये लेखकांनी 'इन्फिनिट क्रायसिस' लिहिताना त्यालाही खलनायक करून टाकले. लूथर नावाचा भला माणूस त्यांना वीस वर्षेच पचला. आम्ही तो भाग भाच्याला दाखवलेला नाही.

भाचा सध्या एका मित्राच्या खोलीत राहतो. दारावर मित्राच्याच नावाची पाटी आहे.