कळवू

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसायला लागतो. सुमारे सव्वाशे फुटांचा काळा कातळ, त्याच्या अंगाला लटकलेली आग्या मोहळं आणि पायथ्याला १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखलेलं जंगल. गेली चार वर्षं मी रोज या रस्त्याने स्कूटरवर ये-जा करतो. पाठीवरच्या पिशवीत क्रिम्पिंग टूल, स्क्रू ड्रायव्हर, लॅनची वायर, एखादा जुना एसएमपीएस. हॉटेलांची बिलिंग मशिनं, दवाखान्यांचे प्रिंटर, दुकानांतले सीसीटीव्ही, पेणच्या गणपती कारखान्यांमधले हिशेबाचे कॉम्प्युटर चालू ठेवणं हा माझा धंदा.

त्याआधी १७ वर्षं मी नवी मुंबईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. प्रोजेक्ट संपलं, काही महिने कामाविना ‘बेंच’वर बसलो आणि एका शुक्रवारी एचआरच्या खोलीत माझ्यापुढे राजीनाम्याचा तयार मसुदा ठेवला गेला. त्याचा राग आता उरलेला नाही. कामं येतात, संपतात. मनात सलतात ते त्यानंतरचे आठ महिने.

त्या महिन्यांची एक वही माझ्याकडे आहे. अर्जाची तारीख, कंपनी, पद आणि शेवटचा रकाना ‘उत्तर’. अर्ज ११२ केले. शेवटचा रकाना नऊ ठिकाणी भरला आहे, बाकी सगळा कोरा. कोऱ्या जागांमध्ये अशाही कंपन्या आहेत जिथे मी तीन-तीन मुलाखती दिल्या. एका ठिकाणी दिलेला प्रोग्रॅम शनिवार-रविवार बसून पुरा करून पाठवला. मुलाखत संपली की समोरचा माणूस लॅपटॉप मिटता मिटता एकच शब्द म्हणायचा : ‘कळवू.’

हा शब्द आपल्याकडे जुना आहे. मुलगी पाहून, पोहे खाऊन उठताना मुलाकडचे हेच म्हणायचे. आठ-पंधरा दिवसांत मध्यस्थ यायचा आणि पत्रिका जुळत नाही म्हणून सांगायचा. पत्रिकेचं निव्वळ निमित्त आहे हे दोन्ही घरांना ठाऊक असायचं. त्या पद्धतीत मुलींच्या वाट्याला अपमान पुष्कळ आले, तिचं कौतुक मला करायचं नाही. पण निरोप यायचा. तो आला की मुलीचा बाप दुसरं स्थळ बघायला मोकळा व्हायचा. नकाराने माणूस दुखावतो खरा, पण सुटतोही. उत्तरच आलं नाही तर तो उंबऱ्याशी उभा राहतो. आत बोलावलेलं नसतं आणि जा म्हणूनही सांगितलेलं नसतं.

असं का होतं, हे मला आतून माहीत आहे. एका जागेला शेकडो अर्ज येतात. ते आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि ठरावीक शब्द सापडले नाहीत तर बाजूला टाकतं. त्यातून उरलेल्यांना फोन करणाऱ्या मुलीवर आठवड्याचं टार्गेट असतं. ९० दिवसांचा नोटिस पीरियड बहुतेक ठिकाणी असतो, आणि सगळ्यांना माणूस मात्र उद्या हजर होणारा हवा असतो. मधेच वरून खर्च थांबवायचा आदेश येतो आणि जागाच रद्द होते. तोवर फोन करणारी मुलगीही दुसरीकडे गेलेली असते. दुष्टपणा यात कुणाचाच नसतो. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरतं काम चोख करतो आणि उत्तर देणं हे कुणाच्याच टेबलावर नसतं.

मीही त्यातला एक होतो. शनिवारी भरतीचा ड्राइव्ह असला की मी पॅनलवर बसायचो. रोह्याहून, अलिबागहून, महाडहून मुलं पहाटेची एसटी पकडून यायची. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, हातात प्लॅस्टिकची फाईल. वीस मिनिटं बोलून मी प्रत्येकाला म्हणायचो, ‘कळवू.’ त्यांतल्या किती जणांना कळवलं गेलं, हे मी एकदाही विचारलं नाही. माझ्या वहीतला कोरा रकाना बघताना ती मुलं आठवतात.

माझ्या रोजच्या रस्त्यावर कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे गाव. १८४५ साली ते इथे जन्मले. सशस्त्र बंड करणारे आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांना आपण ओळखतो. पण त्याआधी ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारे कारकून होते. आई आजारी असल्याचं कळल्यावर त्यांनी रजा मागितली. रजा वेळेत मिळाली नाही. शेवटी रजेशिवाय ते निघाले आणि घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली. त्यांच्या बंडाला दुष्काळाने गांजलेल्या रयतेची, परक्या राज्याची मोठी कारणं होती. ती एका अर्जाएवढी लहान करणं चुकीचं ठरेल. तरी शिरढोणवरून जाताना मला टेबलावर पडून राहिलेला तो कागद दिसतो. पलीकडे घरी एक म्हातारी दाराकडे डोळे लावून बसली आहे, हे त्या टेबलाला कळायला काही वाटच नव्हती.

याउलट उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या वाट्याला उघड अन्याय आला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढतीवर त्यांचा हक्क असताना ती जागा दुसऱ्याला, साहेबाच्या रक्ताच्या माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात उतरले. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण नांगरापासून सुरुवात करतात. मला तिचं पहिलं पान महत्त्वाचं वाटतं. लक्ष्मणरावांना अन्याय्य का होईना, पण स्पष्ट उत्तर मिळालं होतं. आपल्याला इथे जागा नाही हे त्यांना समजलं, म्हणून ते दुसरीकडे बघू शकले.

मला कुणी स्पष्ट सांगितलं नाही, म्हणून मीच ठरवलं. वही मिटली आणि स्वतःच्या धंद्याची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी केली. ती घरबसल्या, फुकट आणि काही मिनिटांत होते. कठीण भाग पुढे असतो. छोट्या धंद्यात काम मिळतं, पण पैसा अडतो. टपरीवाला त्याच दिवशी मोजून देतो. मोठा ग्राहक ‘बघतो’, ‘साहेब सही करतील’, ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. पण व्याज मागितलं की पुढचं काम जातं, म्हणून तो कायदा बहुतेक जण खिशात ठेवूनच फिरतात.

या भागातल्या लहान व्यापाऱ्यांना वाट बघणं म्हणजे काय ते आणखी एका प्रकारे कळलं. याच किल्ल्याचं नाव असलेल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर २०२० च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. खात्यात कितीही असले तरी फक्त ५०० रुपये काढता येणार होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये परवाना रद्द झाला. विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना. आयुष्यभराचा गल्ला ज्यांनी तिथे ठेवला होता, त्यांना आपले पैसे कधी मिळणार हा एकच प्रश्न पडला होता.

तरी नोकरीत नव्हती अशी एक गोष्ट मला या धंद्यात मिळाली. हॉटेलवाल्याला माझं काम आवडलं नाही तर तो गल्ल्यावरून ओरडून सांगतो. राग येतो, पण संध्याकाळी घरी जाताना आपण कुठे आहोत ते कळलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात काम वाढलं आणि मदतीला एक मुलगा घ्यायचं ठरवलं. सहा जण येऊन भेटले. एकाला घेतलं आणि कामात बुडालो. महिन्याभराने अभयारण्याच्या फाटकाजवळ चहाला थांबलो होतो. जून-जुलैत इथे तिबोटी खंड्या बघायला लांबून लोक येतात, त्यामुळे गर्दी होती. गर्दीतून एक मुलगा पुढे आला. सहातला एक, पायथ्याच्याच एका वाडीतला. म्हणाला, ‘दादा, माझं काय झालं? तुम्ही कळवतो म्हणालेलात, म्हणून मी पेणच्या दुकानात हो म्हटलं नाही.’

पावसात उभं राहून मी त्याला सांगितलं की दुसऱ्याला घेतलं. तो ‘बरं’ म्हणाला. मग त्याने विचारलं, ‘काय कमी पडलं?’ उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण ते मी कधी शोधलंच नव्हतं. त्याचं नेटवर्किंग कच्चं होतं. पण तो खोटं बोलला नव्हता, येत नाही ते येत नाही म्हणाला होता, हेही मी त्याला सांगितलं. तिथूनच पेणच्या दुकानदाराला फोन लावला. जागा भरली होती. माझ्या एका न केलेल्या फोनची किंमत त्या मुलाने मोजली आणि ती मला परत करता येणार नाही.

संध्याकाळी उरलेल्या चौघांना फोन केले. एकाने उचलला नाही, त्याला मेसेज टाकला. दोघं ‘ठीक आहे’ म्हणाले. चौथ्याने मला धन्यवाद दिले आणि ते ऐकून मान खाली गेली. चार फोनना मिळून एक चहा होईल एवढाही वेळ लागला नाही.

आता कुणी कामासाठी भेटायला आलं की मी ‘कळवू’ म्हणत नाही. वार सांगतो. ‘गुरुवारी संध्याकाळी फोन करतो, हो असो वा नाही.’ गुरुवारी नाही म्हणायचं असलं की दुपारपासून जेवण गोड लागत नाही. तरी फोन करतो.