जोडीतलं एक तिकीट

आमचं घर रोह्याचं, नोकरी पेणची. शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. तिकिटं जमवायचा नाद मात्र फार आधीचा, पाचवीतला.

नाना ऐन तरुणपणी केपटाऊनला गेले होते. कोकणातली कितीतरी मुसलमान माणसं तेव्हा बोटीनं तिकडे पोटासाठी जात. नानांची पत्रं नानीनं पत्र्याच्या पेटीत जपली होती. पाकिटावर पत्ता : रोहा, जिल्हा कुलाबा. एका दुपारी मी सगळी पाकिटं पाण्यात भिजवली, तिकिटं सोलून काढली आणि लगदा परसात टाकला.

दोन तिकिटं एकमेकांना जोडलेली होती. दोन्हीवर तेच जहाज. एकावर ‘साउथ आफ्रिका’, दुसऱ्यावर ‘सुइड आफ्रिका’. मला वाटलं, छापणाऱ्याचं स्पेलिंग चुकलं. ते ‘चुकीचं’ तिकीट फाडून मी मित्राला दिलं आणि बदल्यात गोट्या घेतल्या.

चूक कुणाची, ते बीएड झाल्यावर मुंबईत एका तिकीटवाल्यानं सांगितलं. १९२५ मध्ये तिथं आफ्रिकान्सला इंग्रजीच्या जोडीनं राजभाषेचा दर्जा मिळाला. १९२६ पासून एक तिकीट इंग्रजीत, शेजारचं आफ्रिकान्समध्ये, असं छापू लागले. संग्राहक ती जोडीनंच ठेवतात. जहाज ड्रोमेडारिस, १६५२ मध्ये यान फान रीबेक केपला उतरला तो यातून. झुलू, खोसा बोलणाऱ्यांच्या भाषांना मात्र त्या जोडीत जागा नव्हती.

हीच आफ्रिकान्स केपचे मुसलमान अरबी लिपीत लिहीत. अबू बकर एफेंदींचं धर्मावरचं पुस्तक तशा लिपीत १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. उर्दूच्या मास्तरानं हे वाचलं तेव्हा त्या ‘चुकीच्या’ तिकिटाची फारच लाज वाटली.

तशी जोडी मी नंतर विकत घेतली. फार महाग नव्हती. पण पाकीट कुठून आणू?

नानीनं त्या दिवशी हात उगारला नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, “आणि त्यावरचं माझं नाव?” नानांच्या हातची तेवढी अक्षरं ती ओळखायची. पत्रं पेटीत राहिली, पण तीही तिला दुसऱ्यानंच वाचून दाखवावी लागत. तिचं स्वतःचं वाचन पाकिटावर होतं, आणि ते मी परसात टाकलं होतं.

आता वर्गात तिकिटांचा विषय निघाला की मुलांना सांगतो, भिजवू नका, पाकीट आहे तसं ठेवा. परवा एका मुलीनं आजोबांचं कुवेतहून आलेलं जुनं पत्र आणलं. सगळे तिकीट बघायला धावले. मी तिला म्हटलं, “आधी नाव वाच.”

तिनं आजीचं नाव वाचलं.