पांढऱ्या बर्गंडीची चार पानं

बोन, १६ नोव्हेंबर २०२३

सकाळी पुलिनीला. माँत्राशेची बाग जेमतेम आठ हेक्टरांची, अर्धी पुलिनी गावात, अर्धी शासान्यमध्ये. वरच्या अंगाला शेव्हालिए, खालच्या अंगाला बातार. द्राक्ष तिन्हीकडे एकच, शार्डोने. वर माती उथळ, खाली खोल आणि चिकण. समीक्षक शेव्हालिएला तलम म्हणतात, बातारला भरदार. खोटं नाही ते. पण बाटलीवरचं नाव झाकलं तर हीच विशेषणं इतक्या झटपट सुचतील का?

१७ नोव्हेंबर

मेर्सोतलं एक तळघर. ओलसर गारठा, पिंपातून काढलेला एकेक घोट. बरोबरचे जाणकार घोळवून थुंकत होते आणि वहीत भराभर लिहीत होते: लोणी, भाजलेले हेझलनट, व्हॅनिला, ओला दगड. (मी एक घोट गिळला. मेर्सो थुंकायला मन धजावेना.)

यातलं लोणी अगदी खरं. वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा डायअसेटिलही तयार होतं. लोण्याच्या वासातही तेच असतं. व्हॅनिला नव्या ओकच्या पिंपातून उतरतं. नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो. पूर्वी तो दोष गणला जाई, हल्ली कित्येकजण त्याच्यावर फिदा आहेत. दगडाचं मात्र पटत नाही. जमिनीतली चुनखडी मुळांवाटे चढून पेल्यात उतरत नाही. धारदार आंबटपणा जाणवला की लोक दगड लिहून मोकळे होतात, असा माझा संशय आहे.

१८ नोव्हेंबर

पाऊस. खोलीतच बसून १९७६ चा पॅरिसचा किस्सा पुन्हा वाचला. त्या वर्षी २४ मे रोजी पॅरिसमधले वाइनविक्रेते स्टीव्हन स्परिअर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे नावं झाकून दहा शार्डोने ठेवल्या: सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बर्गंडीच्या. पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो माँतलेना, दुसरी रूलो यांची मेर्सो-शार्म. रामोने यांची बातार-माँत्राशे थेट सातवी. ‘टाइम’चे जॉर्ज टेबर तिथे हजर होते. त्यांनी नोंदवलंय, की एका परीक्षकाने बातारला गंधच नाही म्हणून ती नक्की कॅलिफोर्नियाची ठरवली, तर दुसऱ्याला कॅलिफोर्नियातल्या नापाची वाइन पिऊन फ्रान्सला परतल्याचा आनंद झाला. जिभा तयारीच्याच होत्या. त्या दिवशी फक्त लेबलं मदतीला नव्हती.

१९ नोव्हेंबर

ऑस्पिस द बोनचा लिलाव. निकोला रोलँ यांनी १४४३ मध्ये स्थापलेलं हे धर्मादाय रुग्णालय. वाइनचा लिलाव १८५९ पासूनचा. विकली जाते ती याच हंगामातली, पिंपातली कोवळी वाइन. पांढरीचं पीस, म्हणजे पिंप, तांबडीसारखंच २२८ लिटरचं. इतक्या कोवळ्या वाइनवर लोक वीस वर्षांची भाकितं करतात.

भाकितांचं काय होतं तेही बर्गंडीने पाहिलंय. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक पांढऱ्या, भरघोस गुण मिळालेल्या बाटल्या काही वर्षांतच तपकिरी आणि शिळ्या निघाल्या. कुणी बुचाला दोष दिला, कुणी कमी वापरलेल्या सल्फरला, कुणी आधुनिक दाबयंत्रांना. एकच एक कारण आजही ठरलेलं नाही. छापलेले गुण मात्र तसेच राहिले.

तेव्हा परीक्षण वाचताना फळांची यादी खुशाल गाळा. वाइन कधी चाखली आणि नाव झाकून की बघून, एवढं आधी शोधा. ते दिलं नसेल तर पैसे खिशातच ठेवा.