खावचो नाय, तर धरतंस कित्याक?

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "सुट्टीत काय करता?" आणि मी म्हटलं, "मासे पकडते," की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग तळता की आमटी?" पकडून सोडून देते असं सांगितलं, की समोरची व्यक्ती बटाटेवड्याची प्लेट सांभाळत हळूच विषय बदलते. म्हणून या अंकात जरा सविस्तर सांगते. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना हंटरडन काउंटीतली केन लॉकवुड गॉर्ज गाडीने सहज जाता येण्यासारखी आहे. तिथे रॅरिटन नदीची साउथ ब्रँच मोठमोठ्या दगडांमधून वाहते आणि तिच्यात ट्राउट असतात.

फ्लाय म्हणजे गळाभोवती दोरा, पिसं आणि लव गुंडाळून केलेला खोटा किडा. नेहमीच्या मासेमारीत गळाजवळचं वजन दोरी ओढत नेतं. इथे उलटं. किड्याला वजनच नसतं, म्हणून जाड, जड दोरी फेकायची आणि किडा तिच्यामागून जातो. बाहूत ताकद असून उपयोग नाही. मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबता आलं पाहिजे.

पहिली पंधरा मिनिटं तर गळ टाकूच नका. घोट्याएवढ्या पाण्यातला एखादा दगड उलटा करून पाहा. त्याला चपटी, शेपटीला दोन-तीन केस असलेली पिल्लं चिकटलेली दिसतील. ती मेफ्लायची. बहुतेकांचं जवळजवळ वर्ष पाण्याखाली जातं. पंख फुटून वर आली, की एक-दोन दिवसांत अंडी घालून संपतात. दगड होता तसा परत ठेवा. मग पाण्यावर नजर ठेवा. मासा जे खातोय त्याच आकाराचा आणि रंगाचा किडा निवडा. तो प्रवाहाच्या वेगानेच वाहिला पाहिजे. दोरीने त्याला जरा जरी ओढलं, तरी माशाला संशय येतो.

एप्रिलच्या शेवटी, दुपारच्या वेळी, इकडच्या नद्यांवर हेंड्रिक्सन नावाची तपकिरी मेफ्लाय निघते. तिची नक्कल रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ साली उत्तरेला कॅट्सकिल डोंगरातल्या बीव्हरकिल नदीवर बांधली आणि सोबत मासे पकडणाऱ्या ए. ई. हेंड्रिक्सन यांचं नाव तिला दिलं. अंगाला कोल्ह्याच्या पोटाची फिकी लव, पंखांना वुड डक बदकाची पिसं, गळ्याभोवती कोंबड्याचं राखी पीस. शंभर वर्षं उलटली, तरी ती अजून चालते.

ही हेंड्रिक्सन बांधतानाच आमच्या घरातला वाद सुरू झाला. सासूबाई मालवणहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मासे हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. मी मासा सोडून देते हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "खावचो नाय, तर धरतंस कित्याक?" खाण्यासाठी मारणं त्यांना समजत होतं. पोट भरलेलं असताना मुक्या जिवाच्या तोंडात गळ अडकवायचा, त्याची तगमग बघायची आणि वर आपण दयाळू म्हणून त्याला सोडायचं, हे त्यांच्या लेखी पाप होतं.

माझी तेरा वर्षांची लेक तेव्हा आजीशी जेवणाखाण्यापुरतं मराठी बोलायची. बाकीचा वेळ दोघी एकाच सोफ्यावर, पण दोन देशांत. एका संध्याकाळी मी तिला लव दोऱ्यावर चढवायला शिकवत होते. दोऱ्याला मेण लावायचं, चिमूटभर लव घ्यायची आणि बोटांत एकाच दिशेने वळायची. तिची लव सारखी गळून पडत होती. सासूबाई लांबून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. "अगो, ही तर वात!" म्हणत त्या येऊन बसल्या. साठ वर्षं देवापुढच्या वाती वळलेली बोटं ती. लव कमी घे, बोटं कोरडी ठेव, टोकाला निमुळतं कर, असं सांगत त्यांनी असं अंग वळून दिलं, की मला आजवर तसं जमलेलं नाही.

त्यानंतर दोघी रोज बसू लागल्या. पीळ, गाठ, निमुळतं, सैल, नेढं हे शब्द लेकीला त्या टेबलावर मिळाले. माझ्या डब्यात रानकोंबड्याची, मेणाचे ठिपके असावेत तशी दिसणारी पिसं होती. सॅल्मनच्या जुन्या फ्लायना ती लागतात. सासूबाईंनी पीस लगेच ओळखलं. मग घरामागच्या रानातल्या पहाटेच्या आरवण्यापासून त्यांच्या लहानपणापर्यंत गप्पा गेल्या. (माझी पिसं पाळीव पक्ष्यांची, इथेच विकत घेतलेली. भारतात हा पक्षी १९७२च्या कायद्याने संरक्षित आहे. तिकडून पिसं आणू नका.)

फ्लाय बांधणाऱ्यांसाठी आमच्या टेबलावरचे नियम : दोरा तुटायच्या जरा अलीकडे राहील इतका ताणलेला ठेवा. गळाच्या नेढ्यामागे थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर शेवटची गाठ मारायला जागा उरत नाही. लव वाटते त्याच्या निम्मी घ्या. आणि एकाच प्रकारच्या डझनभर बांधल्याशिवाय दुसरा प्रकार हातात घेऊ नका.

सासूबाईंचा प्रश्न मात्र त्यांनी मागे घेतला नाही, आणि त्यामुळे आमची पद्धत बदलली. आता गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे गळ सहज सुटतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करतो, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर धरत नाही. लेकीच्या खिशात थर्मामीटर असतो. पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं, की घरी परत. गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरू शकतो.

हे सगळं मी फोनवर सासूबाईंना सांगितलं. नदीत उभं राहिल्याशिवाय नदी कळत नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नुसती उभी रव."

लेकीने ते ऐकलं. मे महिन्यात तिने आजीच्या पद्धतीने वळलेली एक हेंड्रिक्सन घेतली आणि गळाचा वाकडा भाग कापून टाकला. आता ती फेकते, मासा वर येतो, तोंडात घेतो, थुंकतो आणि निघून जातो. ती मोजते आणि आकडा आजीला कळवते. मराठीत. मी अजून काटा दाबलेला गळच वापरते. दोरीच्या टोकाला लागणारा तो जिवंत झटका मला सोडवत नाही. आमच्या घरात यावर एकमत नाही.

तुम्हाला यावंसं वाटलं, तर एप्रिलअखेरची दुपार बरी. १६ ते ६९ वयाच्या प्रत्येकाला लायसन्स आणि ट्राउटचा वेगळा स्टॅम्प लागतो. पाण्यात घसरणार नाहीत असे बूट आणा. आणि घरात वाती वळणारं कुणी असेल, तर त्यांनाही आणा. प्रश्न विचारतील, विचारू द्या.