पाठीतले इंजेक्शन की पूर्ण भूल?

अंबड तालुक्यातील आमच्या गावात पारावर दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. पाठीतल्या इंजेक्शनाने कंबर कायमची जाते आणि पूर्ण भूल घेतलेला माणूस पुन्हा उठेलच असे नाही. माझ्या वडिलांच्या मूत्राशयात गाठ निघाली तेव्हा घरात शस्त्रक्रियेपेक्षा भुलीचीच चर्चा अधिक झाली. वाचकहो, त्या दिवसांत जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

वडिलांना वेदना नव्हती. लघवीतून फक्त रक्त गेले होते. विडी मात्र चाळीस वर्षांची. तंबाखूचा धूर हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे.

या शस्त्रक्रियेत पोट उघडत नाहीत. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने गाठ कापून काढतात. त्यासाठी कमरेखालचा भाग बधिर करणे बहुधा पुरते. १८९८ पासून वापरात असलेल्या या पद्धतीत सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. विडीने थकलेल्या फुप्फुसांना त्यामुळे श्वासनळीतली नळी टळते.

परंतु वडिलांची गाठ मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीवर होती. त्या भिंतीलगत मांडीच्या स्नायूंकडे जाणारी नस असते. विजेचा प्रवाह तिला लागला, तर मांडी एकाएकी आत झटकते आणि मूत्राशयाला छिद्र पडू शकते. पाठीतले इंजेक्शन एकटे हा झटका रोखत नाही. त्यावर उपाय दोन: त्या नसेभोवती वेगळे इंजेक्शन, किंवा पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल करणारे औषध. वडिलांचा श्वास पाहून भूलतज्ज्ञांनी पहिला उपाय निवडला. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली.

पाठीतल्या भुलीने गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण घटते का, याचेही अभ्यास झाले आहेत. पण त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. म्हणून त्या आशेवर निवड करू नये. गाठीचा प्रकार, आकार आणि संख्या यांवर पुढचे बरेचसे ठरते. तीन महिन्यांनी होणारी दुर्बिणीची तपासणी तर चुकवूच नये, मग मोसंबीची तोडणी ऐन भरात का असेना.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर ‘कोणती भूल चांगली?’ असे विचारू नका. ‘गाठ कोणत्या भिंतीवर आहे, आणि मांडीचा झटका टाळण्यासाठी काय करणार?’ असे विचारा. विडी, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांतले काहीही भूलतज्ज्ञांपासून लपवू नका. भुलीची निवड याच माहितीवर ठरते.