मामांचा बर्फ

माझ्या एमएस्सीच्या प्रयोगवहीत जे काही धड आकडे आहेत ते बर्फाच्या जोरावर, आणि तो बर्फ मामांचा. मामा म्हणजे पुण्यातल्या आमच्या कॉलेजचे प्रयोगशाळा परिचर. नाव लिहीत नाही. छापलेलं त्यांना रुचणार नाही.

मला बटण मशरूममधलं टायरोसिनेज हे एन्झाइम वेगळं काढायचं होतं. ते गारव्यात ठेवलं नाही तर हातातच जातं, आणि आमच्याकडे शीतकक्ष नव्हता. मामा सकाळी सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेली लादी बांधून आणत, मोगरीने फोडत. मिक्सरचं भांडं आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये. मंडईतून मशरूमही तेच निवडून आणत. “ताई, डागाळलेलं घेऊच नये, त्याचं काम उरकलेलं असतं.” गार बफरमध्ये वाटायचं, चौपदरी मलमलीतून गाळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं. अर्कात डोपा हे फिनॉल जातीचं रसायन घातलं की नळी नारिंगी-तांबूस होई, दुसऱ्या दिवशी काळी. उकळलेल्या अर्काची नळी मात्र तशीच. दोन्ही नळ्या मामा ज्युनिअर मुलांसाठी खिडकीत मांडून ठेवत.

त्याच मुलांसाठी ते मशरूमच्या एका पांढऱ्याशुभ्र टोपीवर नखाने ‘श्री’ काढत. प्रॅक्टिकल संपेपर्यंत तो तपकिरी होऊन उठून दिसे. “मधली भिंत पडली की शेजारी भांडतात, तसं आहे हे,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

यात चूक काहीच नाही. पेशीत फिनॉल एका कप्प्यात, एन्झाइम दुसरीकडे. नख लागलं की दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन असतोच. एन्झाइमच्या गाभ्यातले तांब्याचे दोन अणू तो ऑक्सिजन धरून फिनॉलचं क्विनोन करतात, आणि क्विनोन एकमेकांना जुळत जाऊन मेलॅनिन तयार होतं. आपले केस काळे करणारं रंगद्रव्य याच घराण्यातलं. फ्रान्समध्ये बुर्कलो आणि बेर्त्रां यांनी १८९५ च्या सुमारास रानातल्या काळ्या पडणाऱ्या अळिंब्यांवरून हा माग काढला. तांब्याची गोष्ट केलिन आणि मान यांनी १९३८ साली केंब्रिजमध्ये पक्की केली. ही नावं मी पुस्तकांतून शिकले. अर्क जिवंत कसा ठेवायचा, हे कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नव्हतं.

पुढे मशरूम टिकवण्याच्या कामावरच माझी नोकरी झाली. २०१६ साली बातमी आली की अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या यिनाँग यांग यांनी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने या एन्झाइमच्या सहा जनुकांपैकी एक निकामी करून मशरूमचं काळवंडणं कमी केलं. मी निवृत्त मामांना हौसेने फोन लावला. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “आणि चव?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतका नेमका प्रश्न आमच्या खात्यातही कुणी विचारला नव्हता.

मामांचे पैसे मी कधीच देणं लागत नव्हते. लादीचा हिशेब ते कॉलेजच्या खात्यावर चोख लावत. बाकीचं फिटण्यासारखं नाही, आणि फेडायची मला घाईही नाही. वाचकांना त्यांच्या वतीने एवढंच सांगते: दुकानात मशरूमचं पाकीट दाबून पाहू नका, आणि घरी आणल्यावर कढई तापत आली की मगच चिरायला घ्या.